विषय: लेकीला इमिग्रेशन क्लिनिक शिकवायचंय

नमस्कार मंडळी,

आमची रेणू इथे अमेरिकेत लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला तिने इमिग्रेशन क्लिनिक, म्हणजे खऱ्या केसेस हाताळायचा वर्ग, घेतलंय आणि आता म्हणते, पुढे हेच शिकवणार. मोठ्या फर्मची समरची ऑफर नाकारायला निघालीये. या क्लिनिकमधले प्राध्यापक नेमकं करतात काय? कोणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा.

– सुनील

---

सुनीलदादा,

मी असंच क्लिनिक केलं आणि आता इमिग्रेशनचीच वकिली करते, म्हणून सविस्तर लिहिते.

इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही. वकील ठेवायचा हक्क आहे, पण स्वखर्चाने. समोर सरकारचा वकील मात्र असतोच. ज्यांना फी परवडत नाही अशा काहींच्या केसेस लॉ स्कूलची क्लिनिक्स फुकट घेतात. जबाबदारी प्राध्यापकाची, पण अशिलाशी बोलणं, कागद तयार करणं, अगदी जजसमोर उभं राहणंसुद्धा विद्यार्थीच करतात. देखरेख असेल तर नियमांत तशी मुभा आहे.

अवघड काम म्हणजे उत्तर माहीत असूनही गप्प बसणं. माझ्या बाई अशिलाच्या ॲफिडेव्हिटचा मसुदा वाचायच्या, एका ओळीवर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे तिने सांगितलं, की तू धरून चाललीस?" मी पुन्हा अशिलाकडे जायची. तारीख, घर, दार कोणी उघडलं, सगळं नव्याने विचारायची. आश्रयाच्या, म्हणजे मायदेशी छळ होईल म्हणून इथे राहू द्या अशा, केसमध्ये अशिलाच्या बोलण्यावर जजचा विश्वास बसणं हाच सगळा खेळ असतो, आणि तो अशा तपशिलांवर बसतो.

या वाटेने माणूस कुठवर जातो हे पाहायचं तर रेणूला कॅरन मुसालो या प्राध्यापिकेचं काम वाचायला सांगा. डिसेंबर १९९४ मध्ये फौझिया कासिंजा ही टोगोची १७ वर्षांची मुलगी आपल्याच नुअर्क विमानतळावर उतरली. तिच्याकडे जननांग कापण्याची प्रथा होती, जबरदस्तीचं लग्न ठरलं होतं, म्हणून ती पळाली होती. पासपोर्ट आपला नाही हे तिने स्वतःच सांगितलं आणि आश्रय मागितला. तिला बंदी केंद्रात टाकलं, ती सुटली एप्रिल १९९६ मध्ये. पहिल्या सुनावणीत तिची बाजू लायली मिलर या लॉ स्टुडंटने मांडली. जजने अर्ज फेटाळला. लायली हटली नाही. तिने आपल्या कॉलेजच्या, म्हणजे अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या, क्लिनिकमध्ये शिकवणाऱ्या मुसालोंना गाठलं. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अपील लढवलं आणि १३ जून १९९६ ला इमिग्रेशन अपील बोर्डाने आश्रय दिला. मॅटर ऑफ कासिंगा (कागदोपत्री तिचं आडनाव असं लागलं) हा तो निकाल. या प्रथेची भीती आश्रयाचं कारण ठरू शकते, हे त्यामुळे देशभर पक्कं झालं.

पुढे मुसालोंनी सॅन फ्रान्सिस्कोला लॉ स्कूलमध्येच स्त्रिया आणि निर्वासितांच्या प्रश्नांसाठी केंद्र काढलं. ग्वाटेमालाच्या रोडी अल्वाराडोला नवऱ्याच्या मारहाणीमुळे १९९६ मध्ये आश्रय मिळाला होता, बोर्डाने १९९९ मध्ये तो काढून घेतला. मुसालोंनी ती केस लावून धरली आणि डिसेंबर २००९ मध्ये आश्रय परत मिळवला. शिकवणं, लिखाण आणि कोर्ट या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून होतात, म्हणून मला ही प्राध्यापकी सगळ्यांत मोलाची वाटते.

– मेधा

---

मेधा,

वाचून फार बरं वाटलं. पण सुनील विचारायला संकोचला असेल, म्हणून मी विचारतो. नोकरी पक्की असते का? आणि लॉ स्कूलचं कर्ज?

– शरदकाका

---

काका,

रास्त प्रश्न आहे. पुष्कळ ठिकाणी क्लिनिकच्या प्राध्यापकांना टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, नसतो, लांब मुदतीचा करार असतो, आणि पगारही बरेचदा कमी असतो. हा अन्याय आहे, असं मी कुठेही म्हणेन. फेडरल कर्ज असेल आणि सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी असेल, तर सरकारी कर्जमाफी योजनेच्या नियमांप्रमाणे १२० हप्ते भरल्यावर उरलेलं माफ होतं. बहुतेक लॉ स्कूल्स त्यात बसतात.

सुनीलदादा, ऑफर मात्र तिला नाकारू देऊ नका. एका समरने वाट बंद होत नाही, आणि मोठ्या फर्म्सही आश्रयाच्या केसेस फुकट घेतात. तिने तिथे तेच काम मागून घ्यावं. पास झाल्यावर काही वर्षं स्वतः केसेस चालवाव्यात, मग क्लिनिकमध्येच शिकवायला शिकण्याची फेलोशिप. जॉर्जटाऊन लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये ती दोन वर्षांची असते, एलएलएमही पदरात पडतं. रेणूला माझा नंबर द्या. शनिवारी दुपारी मी मोकळी असते.

– मेधा