व्हिडिओ गेम ही कला आहे का? तुमचे अनुभव सांगा

क्वार्टरवाली

काल बहिणीकडे जळगावला गेले होते. भाचा कंप्युटरवर सिव्हिलायझेशन फोर खेळत होता, म्हणाला मावशी हे ऐक, आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. गेम उघडला की सुरुवातीलाच वाजतं ते, स्वाहिली भाषेतली प्रार्थना, सगळे मिळून गाताहेत. अंगावर काटा आला. २००५ चा गेम आहे आणि २०११ मध्ये या गाण्याला ग्रॅमी मिळालं, गेमसाठी केलेल्या संगीताला पहिल्यांदाच.

ते ऐकता ऐकता आमचं भुसावळचं रेल्वे क्वार्टर आठवलं. टीव्हीला लावायचा गेम, पिवळी कॅसेट, फुंकर मारून बसवायची. भाऊ मारिओ खेळायचा आणि आई आत भाकरी थापायची. मारिओ पाइपातून खाली गेला की ते तळघरातलं संगीत सुरू होतं ना, आई आतूनच विचारायची, "गेला का खाली?" तिने रिमोट कधी हातात घेतला नाही, पडद्याकडेही फारसं बघितलं नाही, पण खालची जागा अंधारी आहे, वरची उजेडाची आहे, हे तिला नुसतं ऐकून कळायचं आणि भाकरी थापताना तेच गुणगुणायची. कोजी कोंडो नावाच्या माणसाने १९८५ मध्ये केलेलं संगीत, अख्खा गेम ४० केबीचा, आपण व्हॉट्सॲपवर सकाळी जे फुलांचे फोटो पाठवतो ते याहून मोठे असतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याची मारिओची धून जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घेतली.

जेवताना भाऊजी म्हणाले गेम म्हणजे टाईमपास, त्यात कला कुठून आली. मला ते अजिबात पटलं नाही. तुम्हाला एखाद्या गेमने असं काही दिलंय का जे चांगल्या चित्राने किंवा नाटकाने दिलं असतं? लिहा ना.

भो_जळगाव

कॉन्ट्राऽऽऽ, तो गोळीबाराचा गेम! रिमोटवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए दाबलं की ३० जीव. अजून बोटांना पाठ आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत बाहेर कोण जातं भो, कूलरसमोर आम्ही सगळे चुलतभाऊ, आणि दुसऱ्या लेव्हलला बरोबर लाईट जायची

केळीचं_पान

@भो_जळगाव आमच्या यावलकडे लाईट रात्री यायची, ती पण शेतातली मोटर चालू करायला. गेमबिम सगळं जळगावच्या मामाकडे. कला का काय ते माहीत नाही पण मामाकडे जायचं ते त्याच्यासाठीच

डॉसवाला

मी प्रिन्स ऑफ पर्शियाबद्दल सांगतो, जरा लांब होईल.

धुळ्याला कंप्युटर क्लास लावला होता, वर्डस्टार आणि लोटस शिकवायचे, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. सर चहाला गेले की एक मुलगा फ्लॉपीतून प्रिन्स काढायचा. पहिल्यांदा तो प्रिन्स पळताना बघितला तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो होतो, कारण तोवर गेममधली माणसं नुसती सरकायची, हा खरंच पळत होता, थांबताना त्याचा तोल जायचा, उडी चुकली तर कठड्याला हाताने लोंबकळायचा. नंतर वाचलं की गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चौकट काढली. १९८९ चा गेम.

पण खरी गोष्ट आरशाची आहे. चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा येतो, जायला दुसरा रस्ताच नाही, पळत येऊन त्याच्यातून उडी मारायची. उडी मारली की तुमची सावली पलीकडच्या बाजूने बाहेर पडते आणि तुमची ताकद एकदम कमी होते. पुढे ती सावली तुमच्या वाटेतली औषधाची बाटली पिऊन टाकते, तुमच्या तोंडावर दार लावते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी. तुम्ही तिला वार केला की तुमचाच जीव कमी होतो. मी मारत राहिलो, मरत राहिलो. कुणीतरी मागून म्हणालं तलवार आत घाल. म्यान केली, तर तिनेही केली. मग सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, दोघं एक होतात आणि पुढे जिथे नुसती पोकळी दिसते तिथे पाय टाकला की जमीन तयार होते.

त्या वयात मला भांडायची फार खोड होती, घरी वडिलांशी, बाहेर सगळ्यांशी. ते दृश्य कुणी मला सांगितलं असतं तर मी ऐकलंही नसतं. पण तिथे तलवार मी माझ्या हाताने आत घातली होती. पुस्तकात हे वाचायला मिळतं, नाटकात बघायला मिळतं, करायला गेममध्येच मिळतं. मला तरी कला म्हणायला एवढं पुरे आहे.

आणि ती सावली तिथे आली कशी, तर गेम मुळात ज्या ॲपल कंप्युटरसाठी केला त्याच्या तोकड्या मेमरीत नवीन शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून प्रिन्सचीच चित्रं थोडी सरकवून वेगळ्या रंगात दाखवली. अडचणीतून निघालं ते सगळं.

क्वार्टरवाली

@डॉसवाला हे मला माहीतच नव्हतं! मारिओतही तसंच आहे ना, वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा. भाच्याने दाखवलं, आता ते न दिसणं शक्यच नाही

रंगपेटी

मी अमळनेरला शाळेत चित्रकला शिकवतो. आपण छान लिहिलंय, तरी मला मान्य नाही आणि का ते मनापासून सांगतो. चित्रासमोर मूल उभं राहतं तेव्हा त्याला काही मिळवायचं नसतं. दरवर्षी मुलांना अजिंठ्याला नेतो, पहिल्या लेणीत पद्मपाणीसमोर एखादा दंगेखोर पोरगा पण शांत होतो, तिथे जिंकायचं काय आहे? गेममध्ये नजर कायम पुढच्या लेव्हलवर. बुद्धिबळाचा डाव सुंदर असतो, म्हणून त्याला आपण चित्रांच्या दालनात ठेवत नाही. गेममध्ये चित्रं आहेत, संगीत आहे, ते करणारे कलाकार आहेत हे शंभर टक्के मान्य. पण सगळं मिळून जे होतं तो खेळ.

आंडोरनी_माय

कला बिला ठीक शे पण मना आंडोर (पोरगा) दिनभर मोबाईल लिसन बसस तेचं काय करू ते सांगा कोणी. दहावीला आहे. रात्री दोनला उठले तर पांघरुणाच्या आत उजेड. मागच्या महिन्यात याच्या बाबांच्या खात्यातून पैसे गेले, गेममध्ये बंदुकीचा रंग विकत घेतला म्हणे. बंदुकीचा रंग! त्याला ओरडले तर जेवला नाही. तुम्ही सगळे आठवणी लिहिताय छान वाटतं वाचायला पण माझ्या घरात यानेच भांडण आहे

निळी_छत्री

@आंडोरनी_माय ताई, तुमचं अगदी खरं आहे. हे गेम बनवलेच असतात सोडवणार नाही असे, रोज यायला लावतात, नाही आलं तर बक्षीस जातं. आधी फोनमध्ये पेमेंटला पिन लावा, तो फक्त तुमच्याकडे ठेवा. आणि रात्री घरातल्या सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, तुमचा आणि बाबांचा पण, नाहीतर तो ऐकणार नाही. माझ्या दिराच्या मुलाचं असंच होतं, हळूहळू कमी झालं

डॉसवाला

ताई, एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा आणि मला दाखव म्हणा. बोलेल तो

आंडोरनी_माय

बघते. पोळ्या व्हायच्या आहेत अजून

निळी_छत्री

@रंगपेटी सर, जिंकायचं काही नसलेला गेम आहे, जर्नी नावाचा, २०१२ चा. त्यात स्कोअर नाही, बंदूक नाही, एक शब्द नाही. वाळवंट आहे, लांब एक डोंगर आहे ज्याच्या शेंड्यावर उजेड आहे आणि तुम्ही चालायचं. मधेच दुसरा एखादा प्रवासी दिसतो, तो जगात कुठेतरी खेळणारा खरा माणूस असतो, पण त्याचं नाव कळत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो.

माझं लग्न होऊन मी नंदुरबारला आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, नवरा ड्युटीवर, दुपार खायला उठायची. धाकट्या दिराच्या कंप्युटरवर हा खेळले. शेवटी बर्फ लागतो, वारा इतका की पाय उचलत नाही, गळ्यातला लांब पट्टा वाऱ्याने तुटत जातो. दोघं जवळ उभं राहिलं की एकमेकांना ऊब मिळते. तो कोण होता माहीत नाही, मी मागे राहिले की तो थांबायचा आणि एक बारीक सूर द्यायचा, इकडे ये म्हणून. मी पण दिला. बर्फात दोघं पडलो तेव्हा मी खरंच रडले, सासूबाई विचारायला आल्या काय झालं म्हणून. सगळं संपल्यावर वाटेत कोण कोण भेटलं त्यांची नावं येतात. नुसती आकडे-अक्षरांची नावं, पण मी वहीत लिहून ठेवली.

आता हे पद्मपाणीएवढं मोठं आहे असं मी म्हणत नाही. पण कुणी मला विचारलं की त्या वर्षात तुला कशाने धीर दिला तर मी हेच सांगेन.

धुळेकर

पुरावा पाहिजे ना, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमने २०१२ मध्ये १४ गेम आपल्या संग्रहात घेतलेत. पॅकमॅन, टेट्रिस, सिमसिटी, पोर्टल वगैरे. म्युझियमने घेतलं म्हणजे विषय संपला

रंगपेटी

@धुळेकर संपला नाही. मोमाने ते वास्तुकला आणि डिझाइन विभागात घेतलेत, चित्रांच्या विभागात नाही. खुर्ची, टाइपरायटर जिथे ठेवतात तिथे.

धुळेकर

सर मग चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस यांचं काय? कॅमेरा म्हणजे यंत्र, यंत्राने काढलेलं चित्र ही कला कशी, असं फोटोलाही लोक म्हणायचे. मूस यांनी घरात बसून टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून अख्खी दृश्यं उभी केली आणि फोटो काढले. त्यांना आज आपण कलामहर्षी म्हणतो. स्टेशनजवळचं त्यांचं घर बघितलं असेल तुम्ही

रंगपेटी

बघितलंय, अनेकदा. हा मुद्दा चांगला आहे, विचार करावा लागेल.

प्रश्नचिन्ह

रॉजर एबर्ट नावाचे सिनेमाचे फार मोठे समीक्षक होते, त्यांनी २०१० मध्ये लिहिलं होतं की गेम कधीच कला होऊ शकत नाही. हजारो लोक तुटून पडले त्यांच्यावर. काही महिन्यांनी त्यांनीच लिहिलं की गेम न खेळता बोलायला नको होतं. मत मात्र बदललं नाही त्यांनी. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडतो

पिक्सेल_चोपडा

मी चोपड्याचा, आता पुण्यात एका स्टुडिओत गेमसाठी भिंती, रस्ते, घरं बनवायचं काम करतो. कोणता गेम ते सांगता येत नाही, करार असतो. बसमध्ये आहे, टायपिंग समजून घ्या.

एका परदेशी गेमसाठी उन्हातलं जुनं गाव पाहिजे होतं. इंटरनेटवर तयार फोटो मिळतात मातीच्या भिंतींचे, पण सगळे गुळगुळीत. दिवाळीला गावी गेलो तेव्हा आमच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घराचे फोटो काढले, सकाळी ऊन पडायच्या आधी, सावली पडत नाही तेव्हा, कारण फोटोत सावली आली तर गेममध्ये उजेड दुसरीकडून पडला की खोटं वाटतं. पांढऱ्या मातीचं ते सारवण, त्यात भुशाच्या काड्या, पावसाचं पाणी धाब्यावरून जिथून उतरतं तिथला काळा ओघळ, आणि दाराच्या चौकटीजवळ एक जागा आहे, आजी उठताना कायम तिथे हात टेकते, तिथली माती चकचकीत झालीये. ते सगळं तसंच्या तसं घेतलं. ऑफिसमध्ये लीड म्हणाला हा डाग काय आहे, काढून टाक. मी सांगितलं तिथे एक म्हातारी बाई हात टेकते. तो थोडा वेळ बघत राहिला, म्हणाला राहू दे.

गेम आल्यावर आजीला लॅपटॉपवर दाखवला. ती म्हणे आपलं घर तिकडे कसं गेलं? मग म्हणे धाब्यावर माती टाकायला झालीये, पाणी गळत असेल त्यांच्याकडे.

रंगपेटी सर, खेळणारे तिथून पळत जातात, नव्वद टक्के लोक ती भिंत बघत नाहीत हे खरंय. पण मी ती बघणाऱ्यासाठी केली.

क्वार्टरवाली

@पिक्सेल_चोपडा वाचून डोळे भरले. आजींना नमस्कार सांग

केळीचं_पान

धाब्याच्या घरात उन्हाळ्यात काय गार वाटतं ना. आता सगळीकडे स्लॅब. आमचं पाडलं तेव्हा आजोबा दिवसभर मळ्यात जाऊन बसले होते

भो_जळगाव

@पिक्सेल_चोपडा भाऊ त्या गेममध्ये भरीत पार्टी टाका ना एक. बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत कुटलेली, केळीच्या पानावर वाढलेलं. कुठल्याच गेममध्ये आपलं जेवण नाही

निळी_छत्री

@भो_जळगाव व्हेनबा म्हणून आहे २०२३ चा, तमिळ आई कॅनडात इडली, बिर्याणी करते, रेसिपीची वही फाटलेली असते आणि आपण जुळवायची. मुलगा आईची भाषा बोलत नाही हळूहळू. आपल्या पुण्यातल्या लोकांनी केलेला राजी पण आहे २०२० चा, त्यात मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितल्यात. अहिराणीत कुणी करेल का असं काही? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यांची गाणी घेऊन?

पिक्सेल_चोपडा

डोक्यात आहे. कानबाईच्या सणाचा रोट, गावात रात्रभर गाणी, एक लहान मुलगी आणि तिची हरवलेली बकरी. पैसे नाहीत सध्या, रविवारी थोडं थोडं करतोय. अहिराणी बोलणारी म्हातारी माणसं कुणाच्या घरी असतील तर आवाज पाहिजेत

केळीचं_पान

माझी मावशी, साक्रीजवळ असते. बठ्ठी (सगळी) गाणी पाठ. मेसेज करतो

प्रश्नचिन्ह

जेसन रोररचा पॅसेज कुणी खेळलंय का? २००७ चा, पाच मिनिटांत संपतो, फुकट आहे. पडद्यावर एक बारीक पट्टी. चालत राहायचं, एक बाई भेटते, तिला सोबत घेतलं की अरुंद जागेत जाता येत नाही, तिथल्या खजिन्याच्या पेट्या राहून जातात. केस पिकतात. मग ती जाते, फक्त एक छोटा दगड उरतो, आणि तुम्ही एकदम हळू चालायला लागता. मी आप्पांना दाखवला, आई गेल्यानंतरचं वर्ष होतं. त्यांनी परत लावायला सांगितला आणि दुसऱ्या वेळी एकाही पेटीकडे गेले नाहीत

आंडोरनी_माय

पोळ्या झाल्या. बसले होते त्याच्याजवळ. मला म्हणे आई इथे बघ समुद्र दिसतो, इथून उडी मारायची नाही, नुसतं बघायचं, मी कधीकधी येऊन बसतो इथे. मला काही सुचलं नाही. पिन लावलाय मात्र

रंगपेटी

@डॉसवाला तो प्रिन्सचा गेम आता कसा चालवायचा? शाळेतले कंप्युटर जुने आहेत, विंडोज ७. आठवीच्या वर्गाला पळतानाची चित्रं दाखवायची आहेत, एकेक चौकट थांबवून.

डॉसवाला

सर डॉसबॉक्स टाका, जुने डॉसचे गेम चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, विंडोज ७ वर आरामात चालतं. गेम आत गेल्यावर एस्केप दाबलं की थांबतो, परत परत दाबत राहिलं की एकेक चौकट पुढे जाते. शिफ्ट दाबून चालवा, मग पाऊल नीट दिसतं