मदत हवी आहे: नवजात बाळाच्या पांढऱ्या पेशी २४,२००!

रामबागची_आत्या:
इंदूरहून लिहितेय. वहिनीला मुलगी झाली. रिपोर्टात पांढऱ्या पेशी २४,२०० आल्यात, पुढे ठळक 'हाय'. त्याच कागदावर नॉर्मल ४,००० ते ११,००० छापलंय. डॉक्टर "बघू" म्हणून निघून गेले. दादा सकाळपासून जेवला नाहीये. इन्फेक्शन आहे का? पटकन सांगा कुणीतरी.

नर्सताई:
बाळ किती तासांचं? रक्त कधी काढलं? नॉर्मल की सिझर? किती आठवडे, वजन किती? दूध ओढतंय का? हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून काय सांगणार?

सुदामानगर_आजी:
नवजात बाळांना ताकद कमीच असते गं. माझ्या नातवाला पहिल्या दिवसापासून मध आणि बाळगुटी उगाळून दिली. पाच वर्षांचा झाला, साधी सर्दी नाही.

नर्सताई:
आजी, मध अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो. चीक द्या, त्यात जंतूंशी लढणारं आयजीए भरपूर असतं.

सुदामानगर_आजी:
आमच्या घरी सगळे मध चाटूनच वाढलेत.

राजवाडा_७०:
जन्माची नोंद २१ दिवसांत करा हो. नाव नंतर घालता येतं.

रामबागची_आत्या:
घाईत राहिलं. ३९ आठवडे, २ किलो ९००. चौदा तास कळा दिल्या, मग बाळाचे ठोके कमी झाले म्हणून सिझर. रक्त जन्मानंतर बारा तासांनी काढलं. दूध ओढतेय. आत्ता माझी करंगळी मुठीत धरून झोपलीये.

लॅबवाला:
मग ऐका. ४ ते ११ हजार हा मोठ्या माणसांचा आकडा. पहिल्या दिवशी बाळाला ९ ते ३० हजार चालतात. कळांच्या ताणाने कॉर्टिसॉल, अॅड्रेनालिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) सुटून रक्तात येतात. साधारण १२ ते १४ तासांनी आकडा सगळ्यात वर असतो, मग दोन-तीन दिवसांत उतरतो. कळांआधीच ठरवून सिझर केलं, तर तो इतका चढत नाही. तुमच्या भाचीने चौदा तास कळा सोसल्यात!

ग्वाल्हेरची_आई:
इतकं छातीठोक सांगू नका. माझ्या मुलाचा काउंट नॉर्मल होता आणि सेप्सिस (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन) निघाला. नऊ दिवस काचेबाहेर उभी होते मी. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, नवजात बाळाचे न्यूट्रोफिल जंतूपर्यंत पोचायला मंद असतात आणि साठाही लवकर संपतो. काउंट एकदम पडला तर जास्त धोका.

लॅबवाला:
ताई, बरोबर आहे तुमचं. सीआरपी (इन्फेक्शन, सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) सुद्धा जन्माच्या ताणाने थोडं वाढतं, म्हणून दोनदा बघतात. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कच्च्या पेशी (पूर्ण न वाढलेल्या पांढऱ्या पेशी, इन्फेक्शनमध्ये वाढतात) किती टक्के, कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) पाठवलं का, परत रक्त कधी काढणार.

नर्सताई:
आणि दूध ओढणं थांबलं, अंग गार पडलं, ताप आला किंवा श्वास मिनिटाला ६० च्या वर गेले, तर कुणाची वाट न बघता सिस्टरना बोलवा.

रामबागची_आत्या:
विचारलं. कच्च्या पेशी जास्त नाहीत. कल्चर गेलंय, ४८ तास लागतील. उद्या सकाळी परत रक्त. आजी, मध नाही देणार, राग मानू नका. दादाने आत्ता पोहे खाल्ले. घड्याळ धरून तिचे श्वास मोजतोय, ४४ आले.