वास मारणारं हातपंपाचं पाणी आर्सेनिकच्या बाबतीत जास्त सुरक्षित?

भूजलवाला: पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात दोन वर्षं हातपंपांच्या पाण्याचे नमुने गोळा करत हिंडलो. सडक्या अंड्यांचा वास आला की लोक नाक मुरडतात, पंप बदलतात. माझं मत उलटं आहे. जमिनीखाली ऑक्सिजन संपला की जीवाणू वाळूच्या कणांवरचा लोहाचा गंज विरघळवतात आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. पाण्यात सल्फेट असेल तर पुढे जीवाणूच त्याचं सल्फाइड करतात (तो वास याचाच), त्याला लोह भेटलं की काळा गाळ बसतो आणि आर्सेनिकही त्यात अडकतं. तांबं, शिसं, कॅडमियम तर सल्फाइड दिसताच खाली बसतात. मग सल्फेट कमी असलेल्या थरात जिप्सम, म्हणजे सल्फेट असलेलं खनिज, सोडून हे काम जीवाणूंकडूनच का करून घेऊ नये? घरोघरी फिल्टर वाटण्यापेक्षा स्वस्त पडेल.

कडूकारलं: शिशाचा न्याय आर्सेनिकला लावू नका. आर्सेनिकचं सल्फाइड तितकं अविद्राव्य नसतं. लोह आहे तोवर ठीक, सल्फाइड आधी तेच खातं. लोह संपून सल्फाइड उरलं की ते आर्सेनिकशीच जोडी जमवतं, थायोआर्सेनेट तयार होतं. ते विरघळलेलंच राहतं, गाळाला फारसं चिकटतही नाही. म्हणजे पकडायला गेलात आणि वाट मोकळी करून दिलीत! मँगनीज तर सल्फाइडला भीकच घालत नाही.

भूजलवाला: अहो, लोह संपेल कसं? तिथलं पाणी बादलीत काढलं तेव्हा काचेसारखं आणि तासाभरात तांबूस, तळाला चहाच्या चोथ्यासारखा थर. लोहाचा दुष्काळ नाही तिकडे. आणि वासाच्या पंपांचे माझे आकडे बहुतेक लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे आपल्या मानकाच्या, आतच होते.

तिसरीबाटली: मी प्रयोगशाळेत असते, म्हणून विचारते. नमुना घेताना बाटलीत आम्ल घातलं होतं का?

भूजलवाला: हो, नायट्रिक. गाळून मग थेंब टाकायचे. नाहीतर लोह बाटलीतच बसतं आणि आर्सेनिकला घेऊन बसतं.

तिसरीबाटली: बिनवासाच्या पाण्याला ते बरोबर. सल्फाइड असलेल्या पाण्यात आम्ल पडलं की आर्सेनिक पिवळं सल्फाइड होऊन बाटलीच्या तळाला जातं. आम्ही यंत्रात वरचं नितळ पाणी घालतो आणि आकडा छान येतो. अशा नमुन्यात आधी अल्क घालून हायड्रोजन पेरॉक्साइडने सल्फाइड संपवायचं, आम्ल त्यानंतर.

कडूकारलं: घ्या! म्हणजे आर्सेनिक जमिनीत अडकलं की बाटलीत, हेच ठाऊक नाही, आणि निघाले जिप्सम ओतायला.

भूजलवाला: खिल्ली उडवायची गरज नाही. आकड्यांवर शंका रास्त आहे, मान्य. पण काळ्या गाळात आर्सेनिक जातं हे काही माझ्या आकड्यांवरून ठरलेलं नाही.

कडूकारलं: जातं. किती आणि किती दिवस, प्रश्न तो आहे. पंपाचं पाणी पिणारी माणसं ही काही परीक्षानळी नव्हे.

तिसरीबाटली: बाटल्या ठेवल्यात का अजून?

भूजलवाला: आहेत, पलंगाखाली खोक्यात. आताच एक उजेडात धरली. तळाला पिवळट काहीतरी दिसतंय. आणखी चार-पाच बघून सांगतो. जिप्समचं मत मात्र अजून मागे घेत नाही.