सत्र परीक्षा आणि बीजगणिताची उजळणी : तुमचे अनुभव लिहा

मंजिरी_ऐरोली
लेकाची दहावीची प्रथम सत्र सोमवारपासून. पहिलाच पेपर गणित भाग १, म्हणजे आपलं बीजगणित. ४० गुण, दोन तास. काल रात्री स्वारी पलंगावर आडवी होऊन पुस्तकाची पानं उलटत होती. काय चाललंय विचारलं तर म्हणे उजळणी. पेन कुठाय? "आत्ता नुसतं बघतोय गं, येतंय सगळं."

मला एकदम आमच्या कळव्याच्या चाळीतले शेजारचे काका आठवले. रेल्वेत होते, कारशेडला. नाइट करून आले की चहा पिता पिता आम्हा पोरांना गणितं घालायचे, पाठकोऱ्या कागदांवर. उत्तर नेऊन दाखवलं की बघायचेच नाहीत. "ताळा?" एवढंच विचारायचे. क्षची किंमत परत समीकरणात घाल, दोन्ही बाजू जुळव, मग ये. जुळलं नाही तर कुठे घसरलं ते स्वतः शोधायचं, ते बोट ठेवून दाखवणार नाहीत. तेव्हा फार राग यायचा. शाळेत सर सगळं फळ्यावर लिहून देतात आणि हे असे!

लेकाला ताळा म्हटलं तर म्हणाला, "मार्क नसतात त्याला."

तर सांगा, तुम्ही कशी करायचात उजळणी? कोणी बसायचं का जवळ? शाळा, कॉलेज, सेमिस्टर, काहीही चालेल. रडकथाही चालतील.

घोडबंदरी
"एक गाडी ठाण्याहून ताशी ४० किमी वेगाने निघाली..." इथेच आमचं गणित संपतं ताई. घोडबंदर रोडला संध्याकाळी वेग शून्य. वेळ काढायला अंतराला शून्याने भागावं लागतं आणि ते चालत नाही म्हणतात.

पल्लवी_सीवूड्स
हाहाहा घोडबंदरी
मंजिरी, माझीही दहावीत आहे. तुमच्याकडे सोमवारी? आमच्याकडे बुधवारी. अर्थनियोजन आहे का तुमच्या पोर्शनमध्ये? जीएसटी आणि शेअर्स बघून नवरा जाम खूश झालाय, रोज तोच शिकवायला बसतो. बाकी धडे अनाथ.

सुलभाताई_नौपाडा
मी गणित शिकवायचे, आता निवृत्त. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलांना सगळ्यात जास्त फसवतं ते धड्याचं नाव. वर्गसमीकरणांच्या सरावसंचात बसलं की समोर आलेलं वर्गसमीकरणच असणार हे आधीच ठाऊक असतं. निम्मं काम तिथेच झालेलं. पेपरात शाब्दिक उदाहरण येतं तेव्हा ते दोन चलांचं आहे, वर्गसमीकरण आहे की अंकगणिती श्रेढी, हे कोणी कानात येऊन सांगत नाही. घरी "येतंय सगळं" म्हणणारी मुलं तिथे अडतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात मी संकीर्ण प्रश्नसंग्रहातली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायचे. चिठ्ठी उचल, सोडवू नकोस, फक्त सांग कुठली रीत लावशील आणि का. वर्गात चिडवाचिडवी व्हायची, पण तासाभरात दोन सरावसंचांएवढं काम व्हायचं.

नेहमीच्या घसरण्याच्या जागा म्हणाल तर क्ष² = ७क्ष. दोन्हीकडे क्षने भागतात, ७ लिहितात आणि मोकळे. शून्य हे मूळ गेलं ना! भागायचं नाही, एका बाजूला आणून क्ष सामाईक काढायचा. दुसरं म्हणजे सूत्राने सोडवताना क्ष² − ५क्ष + ६ सारख्यात बी, म्हणजे क्षचा सहगुणक, ऋण असतो, तेव्हा वजा बी म्हणजे अधिक ५. हे सांगून कळतं, हात मात्र वजाच लिहितो. आणि सूत्रातला टू ए (ए म्हणजे क्ष² चा सहगुणक) हा सगळ्याच्या खाली असतो, फक्त वर्गमुळाच्या खाली नाही. भागाकाराची रेघ लांब ओढायची सवय लावा, खरंच फरक पडतो.

मंजिरी, ताळ्याला वेगळे गुण नसतील, पण ताळा करणाऱ्याचे गुण जात नाहीत असं सांग त्याला.

मंजिरी_ऐरोली
ताई, डब्याची आयडिया आजच करते. पूर्ण वर्ग पद्धतीत मात्र दोघंही अडकलोय. अपूर्णांक आले की तो पेनच खाली ठेवतो.

कोमल
भाजी करपली माझी वाचता वाचता 😭 नंतर लिहिते

सुलभाताई_नौपाडा
मंजिरी, हे करून बघा. २क्ष² + ५क्ष − ३ = ०. शाळेच्या रीतीने आधी २ ने भागायचं, मग ५/४ चा वर्ग मिळवायचा, की झाली अपूर्णांकांची जत्रा. त्याऐवजी क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे इथे ८ ने, सगळ्याला गुणा. १६क्ष² + ४०क्ष = २४. आता क्षच्या मूळ सहगुणकाचा वर्ग, २५, दोन्हीकडे मिळवा. डावीकडे (४क्ष + ५)², उजवीकडे ४९. म्हणजे ४क्ष + ५ = ७ किंवा −७. क्ष = १/२ किंवा −३. मधे अपूर्णांक कुठे आला? शेवटी उत्तरातच.

ही श्रीधराचार्यांची रीत. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज मिळत नाही, भास्कराचार्यांनी ती उद्धृत केली म्हणून आपल्यापर्यंत आली. पेपरात मात्र प्रश्नात जी पद्धत मागितली असेल तशाच पायऱ्या लिहायला सांगा. ही पडताळ्याला.

एम_थ्री_पीडित
श्रीधराचार्य तेव्हा भेटायला हवे होते राव.

आमचं इंजिनिअरिंग नवी मुंबईत, राहायला ठाण्याला. रूममेटला एम थ्री ची, म्हणजे तिसऱ्या सेमच्या गणिताची केटी (नापास, पेपर परत द्यायचा). विषय लाप्लास, पण पठ्ठ्याचं लाप्लास चोख होतं! इन्व्हर्सला गेला की पार्शल फ्रॅक्शनला, म्हणजे मोठा अपूर्णांक छोट्यांत फोडायला, मरायचा. म्हणजे अडचण थर्ड सेमची नाहीच, बीजगणिताची. मग आम्ही ट्रान्सहार्बरला ठाण्याला सुरुवातीच्या गाडीत बसायला जागा पकडायचो आणि तुर्भ्यापर्यंत फक्त अपूर्णांक फोडायचे. १ भागिले (एस+१)(एस+२). एस च्या जागी −१ घाल, तो कंस बोटाने झाक, उरलेल्याची किंमत १. मग −२ घाल, दुसरा कंस झाक, −१ मिळतो. म्हणजे १/(एस+१) वजा १/(एस+२). कोपरखैरणे येईपर्यंत एक काका आमच्या वहीत डोकावून "एस शून्य ठेवून बघा, जुळतंय का" म्हणाले. जुळलं. अर्धा बरोबर एक वजा अर्धा. तो ताळाच की मंजिरीताई!

केटी सुटली. मुलगा आता बंगळूरला आहे, फोन उचलत नाही.

घोडबंदरी
केटी सुटल्यावर फोन न उचलणं हा सार्वत्रिक नियम आहे. सिद्धता देण्याची गरज नाही.

ज्योत्स्ना_कोपरखैरणे
मी कधी लिहीत नाही इथे, आज लिहिते. बाबा माथाडी, एपीएमसीच्या घाऊक बाजारात. शिक्षण चौथी. दहावीच्या सहामाहीला मी श्रेढीचं गणित घेऊन बसले होते. ओंडके रचलेत, सगळ्यात खाली १२, त्यावर ११, असं करत वर एक. एकूण किती? मी एसएन चं, म्हणजे पदांच्या बेरजेचं सूत्र आठवत होते, एन बाय टू की एन प्लस वन बाय टू. बाबा जेवत होते. म्हणाले, वाच परत. मी वाचलं. म्हणाले, "थप्पीच आहे की ही. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा थर मिळून तेरा. त्याच्या आतले दोन मिळून पण तेरा. अशा सहा जोड्या. अठ्ठ्याहत्तर." आणि भाकरी मोडली.

मी नंतर सूत्राने काढलं. ७८.

सूत्र कुठून येतं ते मला त्या दिवशी कळलं. पहिलं आणि शेवटचं पद मिळवा, निम्म्या पदांनी गुणा, बस. परीक्षेत एसएन पाठ म्हणावंच लागलं नाही. बाबा आता गावी असतात, साताऱ्याकडे.

पल्लवी_सीवूड्स
ज्योत्स्ना ❤️ बाबांना नमस्कार सांग

कोमल
आले. भाजी टाकली, पोळी-लोणचं केलं. ज्योत्स्ना, काय सुंदर लिहिलंस गं. मी काही लिहिणार होते ते विसरलेच.

सरळ_बोलतो
एक विचारू का. हे वर्गसमीकरण वगैरे आयुष्यात कोणी वापरलंय? मी वाशीत दुकान चालवतो, इतक्या वर्षांत विवेचक (तो बी वर्ग वजा फोर एसी) लागला नाही कधी. पोरांचा जीव काढतो आपण.

हप्तेवाला_खारघर
दुकानाचं माल-पैशाचं गणित तुम्ही तोंडी करत असाल म्हणून जाणवत नाही दादा. माझं काम गृहकर्जाचं. लोकांना चक्रवाढ कळत नाही तिथे फार वाईट वाटतं. वर्षाला ८ टक्के चक्रवाढीने पैसे दुप्पट कधी? अचूक काढायला लॉग लागतो. तोंडी काढायला ७२ ला ८ ने भागा, ९ वर्षं. १२ टक्के असतील तर ६. जवळपासचं उत्तर असतं, पण चहाच्या टपरीवर पुरतं.

सरळ_बोलतो
हे ठीक आहे. पण हे दहावीला शिकवा ना मग.

पल्लवी_सीवूड्स
अर्थनियोजन आहे म्हटलं ना वर! माझ्या नवऱ्याला पाठवते तुमच्या दुकानात.

आजोबांचा_नातू
७२ वरून आठवलं. आजोबा राममारुती रोडवर फिरायला न्यायचे आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतली कोडी घालायचे. उजळणी वगैरे शब्द नाहीत, तलावपाळीला पोचेपर्यंत उत्तर सांगायचं. भेळ त्यावर ठरायची. त्यातलं एक देतो, मुलांना द्या. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ, तेवढे भुंगे मालतीच्या फुलांकडे गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. एक भुंगा कमळात अडकून गुणगुणतोय आणि बाहेरून एक भुंगी त्याला साद देतेय. एकूण किती? (७२ चा आणि याचा काय संबंध ते आत्ता सांगत नाही.)

घोडबंदरी
सांगितलंत की हो.

अकरावी_ब
काका, काढलं. थवा २य² धरला म्हणजे निम्म्याचं वर्गमूळ य. मग य + १६य²/९ + २ = २य². नऊने गुणलं, २य² − ९य − १८ = ०. विवेचक ८१ + १४४ = २२५, वर्गमूळ १५. य = ६ किंवा −३/२. य = ६ तर थवा ७२. दुसऱ्याने साडेचार भुंगे येतात 😂 ते सोडले.
ताळा पण केला: ६ + ६४ + २ = ७२. मंजिरी काकू खूश?

मंजिरी_ऐरोली
खूश! तू कुठे असतोस रे बाळा? आमच्याकडे येऊन बस त्याच्या शेजारी.

अकरावी_ब
ठाणे पूर्व. मला पण आहे सेमिस्टर 🙁 लॉगॅरिदम डोक्यात जातंय. लॉग ए + लॉग बी बरोबर लॉग एबी हे माहितीय, तरी पेपरात अर्धा वर्ग लॉग (ए+बी) ला फोडतो. त्याला ताळा कसा करायचा? आणि काकू, त्याला सोल्युशनचे व्हिडिओ बघू द्या ना, छान असतात.

सुलभाताई_नौपाडा
दहाच्या पायावर सोपे आकडे घालून बघ. ए = १००, बी = १०. लॉग १०० म्हणजे २, लॉग १० म्हणजे १, बेरीज ३. आणि हजाराचा लॉग ३, हजार म्हणजे १०० गुणिले १०, एकशे दहा नव्हे. नियमाविषयी शंका आली की आकडे घालायचे. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, पण खोटा नियम पकडला जातो.

व्हिडिओ बघायला हरकत नाही. मात्र मधे थांबवायचा, पुढची पायरी स्वतः लिहायची, मग सुरू करायचा. नुसता बघितला तर मंजिरीच्या लेकासारखं "येतंय सगळं" होतं.

एम_थ्री_पीडित
ताई आमच्या वेळेला कुठे होतात तुम्ही

सुलभाताई_नौपाडा
नौपाड्यातच. तुम्ही तुर्भ्याच्या गाडीत होतात.

कोमल
😂😂😂
आठवलं काय लिहिणार होते ते! अभ्यासिका. घरात टीव्ही, सासूबाईंच्या मालिका, धाकट्याचा धिंगाणा. वर्तकनगरच्या बाजूला शांत अभ्यासिका माहितीय का कोणाला? फी किती घेतात?

पल्लवी_सीवूड्स
आमच्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये बसवतात मुलांना रात्री. सेक्रेटरीला विचारून बघ, फक्त पंखा आणि ट्यूबचं बिल वाटून घ्यायचं.

कोमल
आमचे सेक्रेटरी हॉल लग्नालाच देतात. विचारते तरी.

क्लार्कवाला_कोपरी
अकरावी_ब, लॉग टेबल आहे का तुझ्याकडे? बारावी बोर्डाला फिजिक्स-केमिस्ट्रीत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. आत्तापासून हात बसव. माझ्याकडे क्लार्कचं लॉग टेबलचं जुनं पुस्तक पडून आहे, कव्हर गेलंय, आकडे शाबूत. कोपरीत येऊन घेऊन जा.

अकरावी_ब
हो काका हवंय!! रविवारी सकाळी येऊ? क्लास घाटकोपरला आहे, तिकडून येताना.

क्लार्कवाला_कोपरी
ये. पण रविवारी मेगाब्लॉक बघून निघ, नाहीतर शनिवारी संध्याकाळी ये. मी सातनंतर असतो घरी.

अकरावी_ब
शनिवारी येतो मग. पुस्तक परत कधी द्यायचं?

क्लार्कवाला_कोपरी
नको देऊस. मला आता मोबाईलवर सुद्धा आकडे दिसत नाहीत.