मदत हवी आहे : व्हिएतनाममध्ये बसटूर सोडून तिथल्या लोकांमध्ये नेणारं काहीतरी सुचवा

निळीशाई
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, समजून घ्या. व्हिएतनामला जातोय, तिकिटं झालीत, एजंटने प्लॅन पाठवलाय आणि तो बघून वैताग आलाय. हालाँग बे क्रूझ, बा ना हिल्सचा दोन हातांनी धरलेला पूल, होई आनला टोपलीच्या होडीत गरागरा फिरवणार, कू चीचे बोगदे आणि रोज रात्री इंडियन डिनर. शेजारच्यांनी गेल्या वर्षी हेच केलं, त्यांच्या फोटोंत आणि या ब्रोशरमध्ये काडीचा फरक नाही. मला तिथली माणसं हाताने काय बनवतात, काय गातात, देवाला काय वाहतात ते बघायचंय, शक्यतो त्यांच्याजवळ बसून. नेटवर शोधलं की परत तीच नावं येतात. उद्या सकाळपर्यंत एजंटला हो-नाही कळवायचंय. कुणी खरोखर जाऊन आलंय का? व्हिसा, सिम, करन्सी झालंय, ते कृपया सांगू नका.

भटका_सांगलीकर
कधी जाताय, कुठे उतरताय, बरोबर कोण आहे, काहीच लिहिलं नाही तुम्ही. देश उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरच्या वर लांब आहे. या दिवसांत हनोईत स्वेटर आणि बारीक झिमझिम पाऊस, त्याच दिवशी सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह शहरात, घामाच्या धारा. आधी तारखा टाका मग बोलू.

राइडर_केदार
'हा जियांग' लूप, उत्तरेच्या डोंगरातली बाइकची फेरी. डोळे झाकून करा. पार चीनच्या सीमेला लागून, चुनखडीचे डोंगर, मा पी लेंगची खिंड, खाली न्यो क्वे नदी, वाटेत ह्मोंग लोकांची गावं, रविवारी डोंग वानचा बाजार. रात्री होमस्टेत घरच्यांच्याच पंगतीत जेवण. बाइक घ्या आणि सुटा, याच्यापुढे बाकी सगळं फिकं आहे.

मंजिरी_वकील
केदार, असा सल्ला सरसकट देऊ नका. आपल्याकडे मिळणारं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या जिनिव्हा वाहतूक करारातलं असतं, व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं मानतो. म्हणजे तिथे आपण बिनलायसनचे. पोलिसांनी धरलं तर दंड आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार.

राइडर_केदार
अहो ताई, लोकल चालकाच्या मागे बसूनही करतात, तिकडे त्याला ईझी रायडर म्हणतात. सगळ्यात कायदा कशाला. लूप तो लूपच.

प्रवासी_पक्षी
ई-व्हिसा फक्त सरकारी साइटवरून काढा, ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न अक्षर टाका.

निळीशाई
व्हिसा झालाय, वर लिहिलंय तसं. बाइक नको, मागे बसूनही नको. हनोईला उतरणार, परत हो ची मिन्हवरून. मार्चची सुरुवात.

सुमेधा_हनोई
मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे राहते. 'मार्चची सुरुवात' नको, नक्की तारीख सांगा. इथले सण चांद्र तिथीवर चालतात आणि तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, यंदा १७ फेब्रुवारी २०२६ ला आहे. त्यानंतरचा महिनाभर उत्तरेत गावोगाव जत्रा असतात. एका दिवसाने चुकलात तर हळहळाल.

निळीशाई
२७ फेब्रुवारीला रात्री हनोई, ८ मार्चला परत. मी आणि आई.

सुमेधा_हनोई
मग सोडूच नका! १ मार्चला रविवारी लिमची जत्रा आहे. पहिल्या चांद्र महिन्याची १३ वी तिथी, हनोईपासून वीसेक किलोमीटरवर बाक निन्ह प्रांतात. तिथे क्वान हो गातात, युनेस्कोच्या यादीत २००९ ला आलंय. एका गावच्या दोन बायका गाऊन विचारतात आणि दुसऱ्या गावचे दोन पुरुष त्याच चालीत उत्तर देतात, वाद्य असलंच पाहिजे असं नाही. बायकांच्या हातात मोठ्या ताटाएवढी सपाट टोपी, पुरुषांना काळा फेटा. पाहुण्याला आधी विडा देतात, पान पंखासारखं कापून दुमडलेलं, आणि तो देतानाही गाणंच. ज्या गावांचं असं गाण्याचं मैत्र जमलं त्यांच्यातल्या गायक-गायिकांनी एकमेकांशी लग्न करायचं नाही अशी रीत होती, त्यामुळे त्या प्रेमाच्या गाण्यांत एक वेगळीच हुरहूर आहे. मला तर शब्द कळत नव्हते तेव्हाही भरून आलं होतं.

भटका_सांगलीकर
लिमला मुख्य दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. लाउडस्पीकर, फुगेवाले, खाण्याचे ठेले. मला तिथे गाणं नीट ऐकूच आलं नाही. त्यापेक्षा दाओ थुकला जा, हनोईच्या डोंग आन्ह भागातलं पाण्यावरच्या कठपुतळ्यांचं गाव. होआन किएम तळ्याजवळच्या थांग लाँग थिएटरात सगळेच बघतात, पाऊण-एक तासाचा शो झाला की बाहेर. गावात आधी कळवलं तर खेळ झाल्यावर पडद्यामागे नेतात. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बांबूच्या चिकामागून लांब काठीवर बाहुली नाचवतात. बाहुली उंबराच्या जातीच्या हलक्या लाकडाची, वर लाखेसारखं रोगण. हजारेक वर्षं जुनी कला आहे, भातखाचरांत पाणी भरलेलं असताना सुरू झालेली.

सुमेधा_हनोई
गर्दी असते, मान्य. पण सकाळी लवकर गेलं की तळ्यावरच्या होडीतलं गाणं आणि छोट्या तंबूंमधलं गाणं व्यवस्थित ऐकू येतं. दुपारी बाराला पोचून जत्रेला नावं ठेवू नयेत.

भटका_सांगलीकर
मी कधी पोचलो ते तुम्हाला कसं माहीत?

शिवभक्त_विजय
ताई, व्हिएतनामी लोकांना शिवाजी महाराजांबद्दल प्रचंड आदर आहे. अमेरिकेला हरवलं ते महाराजांच्या गनिमी काव्याने, असं त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनीच सांगितलंय. तिथल्या लोकांशी हा विषय जरूर काढा.

इतिहासवेडा
विजयराव, हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि त्याला एकही पुरावा कुणी दिलेला नाही. त्यात त्या राष्ट्राध्यक्षांचं नावही नसतं. महाराजांचं मोठेपण अशा मेसेजवर अवलंबून नाही. आणि त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचा वीर आहे, त्रान हुंग दाओ. १२८८ मध्ये बाख डांग नदीत टोकदार खांब रोवून ठेवले, ओहोटीला मंगोलांची जहाजं त्यावर अडकली. हनोईत तळ्यातल्या न्गोक सोन मंदिरात त्याची पूजा होते. विषय काढायचाच तर हा काढा.

शिवभक्त_विजय
पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही असं होत नाही.

निळीशाई
कृपया यावर वेगळा धागा काढा, मला खरंच वेळ नाहीये. सुमेधाताई, सांगलीकर, दोन्ही आवडलं. पण आईचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसता येत नाही, जास्त जिने नकोत. आणि ती शाकाहारी आहे, अंडंही नाही.

कुलकर्णी_काकू
अगं हे आधी सांगायचं ना! शाकाहारी असेल तर थेपले, मेतकूट, लसणाची चटणी, राइस कुकर न्या. तिकडे सगळ्यात मासा.

सुमेधा_हनोई
काकू, राइस कुकरची गरज नाही हो. माशाचं पाणी, नुओक माम, नुसत्या भाजीतही घालतात हे खरं, म्हणून 'नो मीट' म्हणून भागत नाही. 'आन चाय' म्हणायचं. इथले बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, त्यांच्या १ आणि १५ तिथीला, शाकाहार पाळतात. 'चाय' लिहिलेली खानावळ प्रत्येक शहरात असते आणि देवळाजवळच्या ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. ३ मार्चला त्यांच्या वर्षातली पहिली पौर्णिमा आहे, म्हणजे आपली होळीचीच. त्या दिवशी तर घराघरांत चायचं ताट. निळीशाई, आईंना सांगा, तांदळाच्या पिठात हळद आणि नारळाचं दूध घालून केलेला बान्ह सेओ चायवाल्याकडे मागा, आपल्या घावनाशी नातं लागतं.

चित्रकथी
निळीशाई, तुमच्या आई काय करतात किंवा करायच्या? तुम्ही 'हाताने काय बनवतात' लिहिलंत म्हणून विचारतोय. त्यावर बरंच ठरेल.

निळीशाई
शाळेत चित्रकला शिकवायची. पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिच्या फार जिवाभावाच्या, दर सुट्टीत मुलांना घेऊन जायची. खरं तर ही ट्रिप तिच्यासाठीच आहे.

चित्रकथी
मग डोंग हो गाव. एवढं एकच करा, बाकी काही जमलं नाही तरी चालेल. हेही बाक निन्ह प्रांतातच, थुआन थान्ह भागात, हनोईहून तीसेक किलोमीटर. लाकडी ठशांनी चित्रं छापतात, एकेका रंगाला वेगळा ठसा आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी. कागद 'झो' नावाच्या झाडाच्या सालीचा, त्यावर समुद्री शिंपल्यांची पूड खळीत कालवून फासलेली असते म्हणून उजेडात चमकतो. काळा बांबूच्या पानांच्या राखेचा, लाल दगडाचा, पिवळा फुलांच्या कळ्यांचा, निळा नीळीचा. पूर्वी तेतच्या आधी लोक ही चित्रं घेऊन भिंतीला लावायचे, जुनं चित्र काढून नवं. कोंबडी आणि पिल्लं, अंगावर भोवरे असलेली डुकरीण, आणि उंदराचं लग्न ज्यात वरात मांजरीला नजराणा देत चाललीय. गावात ठसे कोरणारी घरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. तिथे टेबलाशी उभं राहून किंवा खुर्चीवर बसून स्वतः छापता येतं, गुडघ्यांचा प्रश्न नाही. आईंच्या हाताला तो ठसा लागू द्या, त्यांना दुभाषा लागणार नाही.

भटका_सांगलीकर
हे बरोबर. आणि जवळच बुट थाप पॅगोडा, तिथली सहस्रहस्त अवलोकितेश्वराची मूर्ती १६५६ ची लाकडी आहे. थोडं पुढे दाऊ पॅगोडा, व्हिएतनाममधला सगळ्यात जुना मानतात. त्याच्या कथेत भारतातून आलेला एक भिक्षू आहे.

शैव_पंथी
कुणीच 'मी सोन'चं नाव घेतलं नाही? तिथल्या जुन्या हिंदू राज्याच्या, चाम राजांची शिवमंदिरं, होई आनपासून चाळीसेक किलोमीटर. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत मुख्य मंदिर पडलं, अलीकडे आपल्याच पुरातत्त्व खात्याने काही मंदिरांची दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये त्या कामात अखंड दगडाचं नवव्या शतकातलं शिवलिंग मिळालं. पण ही रिकामी मंदिरं आहेत. जिवंत बघायचं तर फान रांगला जा, चाम लोक अजून पो क्लोंग गराईच्या मंदिरात पूजा करतात. शेजारच्या बाउ चुक गावात बायका चाकाशिवाय मडकी घडवतात, मडकं जागेवर आणि बाई त्याच्याभोवती फिरते.

निळीशाई
हे होई आनच्या जवळ आहे का?

शैव_पंथी
नाही, बरंच दक्षिणेला. न्या त्रांगच्याही खाली. वेळ काढावा लागेल.

सुमेधा_हनोई
त्यांच्या तारखांत फान रांग बसवू नका, आई बरोबर आहेत. १ तारखेला सकाळी लिम, दुपारी डोंग हो, एकाच बाजूला आहे. २ तारखेला विमानाने दा नांग, होई आनला तिथूनच जातात. त्या दिवशी १४ वी तिथी, होई आनला जुन्या गावातले दिवे मालवून कंदील लावतात.

कुलकर्णी_काकू
गुडघे दुखणाऱ्या बाईला इतकं पळवू नये. जत्रा, गाव आणि दुसऱ्या दिवशी विमान?

सुमेधा_हनोई
हे मात्र खरं बोललात. मग लिम २८ ला सकाळी. १२ वी तिथी असते, गाणी तेव्हाच सुरू होतात आणि गर्दी १३ पेक्षा कमी. १ ला फक्त डोंग हो, आरामात.

भटका_सांगलीकर
हे मी केव्हापासून सांगतोय, मुख्य दिवस टाळा.

निळीशाई
ठरलं. २८ लिम, १ डोंग हो आणि बुट थाप, २ ला होई आन, मग मी सोन. एजंटला फक्त हॉटेल आणि विमान करायला सांगते, बा ना हिल्स रद्द. सांगलीकर, दाओ थुकला आधी कळवायचं म्हणजे कुणाला? आणि डोंग होला टॅक्सी रस्त्यात मिळेल की दिवसभराची ठरवू?

भटका_सांगलीकर
हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करायला लावा, गावात इंग्रजी फारसं चालत नाही. मोठा ग्रुप नसेल तर खेळ होईलच असं नाही, तेव्हा थांग लाँगचं तिकीट हाताशी ठेवा, पुढच्या रांगेतलं.

चित्रकथी
दिवसभराचीच गाडी ठरवा, परतीची डोंग होत मिळत नाही. गाडीवाल्याला जागेचं नाव व्हिएतनामी अक्षरांत दाखवा. चित्रं घेतलीत तर गुंडाळायला पुठ्ठ्याची नळी इथूनच न्या, तिथे पिशवीत घालून देतात आणि शिंपल्याचा थर दुमडला की तडकतो.

प्रवासी_पक्षी
ई-व्हिसाचा प्रिंटआउटही घ्या बरोबर.