अनुभव धागा : लॅपटॉपची स्क्रीन फडफडायला लागली तेव्हा तुम्ही काय केलंत?

टिळकवाडीकर

धागा मीच काढलाय, तर सुरुवात माझ्यापासून. आमच्या लॅपटॉपची स्क्रीन सरळ उभी केली की फडफडायची, थोडी मागे झुकवली की गप्प. दोन आठवडे मी झाकणामागे कुंद्याचा रिकामा डबा लावून काम केलं. मीटिंगमध्ये कोणी दार आपटलं की डबा सरकायचा आणि माझा चेहरा हिरवा.

दुकानात नेला. पोरानं दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला, "पॅनल, म्हणजे चित्र दिसतं तो स्क्रीनचा भाग, गेलंय, साडेपाच हजार." मी घाबरून हो म्हणणारच होतो. मेव्हणा म्हणाला, "आधी टीव्हीला लावून बघ की." एचडीएमआय केबल लावली, टीव्हीवर चित्र एकदम स्वच्छ. म्हणजे ग्राफिक्स, चित्र तयार करणारा भाग, ठीक, दोष बहुतेक झाकणाकडेच. पण पॅनल की त्याला चित्र पोचवणारी आतली केबल, हे टीव्ही सांगत नाही. ते सांगितलं डब्यानं! झाकणाच्या कोनावर चित्र बदलत असेल तर पहिला संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर घ्यायचा. दुसऱ्या कारागिरानं पुढची चौकट उचकटून दाखवली. बिजागरीपाशी केबलचं आवरण घासून आतली तार दिसत होती. केबल बदलली, पॅनल तेच आहे, वर्ष झालं.

तुमचंही लिहा. किती पैसे गेले ते लाजू नका.

जांबोटीचा_पाऊस

आमच्याकडे आषाढात काडेपेटीसुद्धा चुलीच्या कडेला ठेवावी लागते, तिथं लॅपटॉपचं काय घेऊन बसलात. जुलैत रोज सकाळी स्क्रीन मिचमिचायची, अर्धा तास चालून गरम झाली की थांबायची. दुपारी दुकानात नेली की शहाण्यासारखी वागायची, त्यामुळं दुकानदाराला मीच खोटा वाटलो.

शेवटी सकाळचा व्हिडिओ काढून नेला. त्यानं उघडलं तर केबलच्या कनेक्टरवर हिरवट थर. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून, वाळवून परत बसवलं. घरी करणार असाल तर चार्जर काढून आतली बॅटरीही आधी सोडवा. आता पावसाळ्यात रात्री लॅपटॉप कापडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पत्र्याच्या डब्यात ठेवतो.

टिळकवाडीकर

तांदळाच्या डब्यात ठेवून बघितलं नाहीत?

जांबोटीचा_पाऊस

आईनं ठेवलं होतं एकदा. चार्जरच्या भोकातून कणी काढायला सुई लागली.

चिकोडी_मास्तर

माझा दोष सॉफ्टवेअरचा निघाला. विंडोज अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन लुकलुक. निकालपत्रकं भरायची होती, त्यामुळं घाम फुटला.

ओळखायची युक्ती सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. सगळी स्क्रीन लुकलुकते पण ती खिडकी स्थिर असेल तर एखादं ॲप भांडतंय. खिडकीही लुकलुकत असेल तर बहुतेक डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर. माझी लुकलुकली. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर जुन्या आवृत्तीवर मागे घ्यायला गेलो तर 'रोल बॅक'चं बटण फिकट, दाबताच येईना. मग लॅपटॉप बनवणाऱ्याच्याच साइटवरून माझ्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून टाकला.

आणखी एक. लॅपटॉप सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. तिथं विंडोज नसतंच. तिथंही फडफडत असेल तर ड्रायव्हरच्या मागं लागून दिवस घालवू नका.

उचगावची_लेक

माझं दोन ओळींचं. टाइप करताना स्क्रीन मधेच काळी व्हायची. मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याला चुंबक होता. झाकण मिटलं हे बहुतेक लॅपटॉपना चुंबकावरूनच कळतं, माझ्या लॅपटॉपला वाटायचं झाकण मिटलं. घड्याळ काढलं, आजार गेला. नवरा अजून हसतो.

निपाणी_नाका

आमच्याकडे फक्त चार्जर लावल्यावर आडव्या रेघा यायच्या, कर्सर आपोआप पळायचा. बॅटरीवर सगळं ठीक. चार्जर नकली होता, शिवाय भावानं तीन पिनांतली जाड, अर्थिंगची पिन कापून टाकलेली, बोर्डात बसेना म्हणून! ओळखीच्याचा ओरिजिनल चार्जर लावून बघितला, रेघा गायब. नवा घेतला आणि बोर्डही बदलला.

स्क्रू_ड्रायव्हर

मी दुरुस्तीतलाच माणूस, नाव सांगत नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "अमुक मॉडेलचं पॅनल द्या." तसं मागू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारची पॅनल बसवलेली असतात. पॅनल काढून त्याच्या पाठीवरचा नंबर वाचायचा, मग केबलच्या जोडणीला ३० पिन की ४० पिन, रिझोल्यूशन किती, कडेला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, एवढं जुळवायचं. ऑनलाइन मागवून चुकलेली पॅनल माझ्याकडे कपाटभर पडलीत.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. अंधूक चित्र दिसलं तर चित्र येतंय, मागचा उजेड गेलाय. आणि टचपॅड वर उचललेलं दिसलं तर स्क्रीन-बिक्रीन राहू दे, आतली बॅटरी फुगलीय, चार्जिंग बंद करा आणि आधी ती काढून घ्या.

वडगाव_माग

आमचा किस्सा वेगळाच. घरात खाली यंत्रमाग, वर माडीवर मी लॅपटॉपवर साड्यांचा हिशेब बघतो. माग सुरू झाला की स्क्रीन थरथरायची, बंद झाला की थांबायची. वडील म्हणाले, "व्होल्टेज." स्टॅबिलायझर आणला, फरक शून्य. चार्जर काढून बॅटरीवर चालवला तरी तेच. व्होल्टेज असतं तर बॅटरीवर थांबायला नको होतं?

मग एक दिवस टेबलावर पाण्याचा तांब्या होता. माग धडधडायला लागला तशी पाण्यावर वर्तुळं उठली आणि त्याच वेळी स्क्रीन हलली. लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला, स्क्रीन गप्प. टेबलावर ठेवला, परत थरथर. चार वेळा करून बघितलं, वडिलांनाही दाखवलं. लाइटचा दोष नव्हताच. हादऱ्यानं आतली सैल केबल हलत होती. पॅनलकडच्या टोकाला तिची चिकटपट्टी सुटलेली. कारागिरानं नीट बसवून नवी पट्टी मारली, चहाचे पैसे घेतले.

टिळकवाडीकर

आणि स्टॅबिलायझर?

वडगाव_माग

फ्रिजला लावलाय. वडील म्हणतात, त्यासाठीच आणला होता.