तिसरा राउटर घ्यायचाय, या वेळी काय बघून घेऊ?

खिडकीपाशी :
चार वर्षांत दोन राउटर झाले. पहिला दीड वर्षात मेला. दुसरा मरतही नाही आणि धड जगतही नाही. रोज संध्याकाळी साडेसात-आठला मान टाकतो. मी मीटिंगमध्ये बोलत असते आणि समोरच्या सगळ्यांचे पुतळे होतात. मग उठायचं, टीव्हीखालच्या कपाटाचं दार उघडायचं, राउटर बंद-चालू करायचा. तास-दोन तास बरं चालतं. आतल्या खोलीत दोन पट्ट्या दिसतात, पण पान काही उघडत नाही.

कनेक्शन २०० एमबीपीएसचं. तीन फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर. राउटरच्या खोक्यावर मोठ्ठं '१२००' छापलेलं, आणि मी लॅपटॉप घेऊन त्याला खेटून बसले तरी वेगाचा आकडा ९४ च्या वर गेलेला नाही. नवरा म्हणतो सहा अँटेनावाला आण. मला अँटेना मोजायच्या नाहीत, पुढची पाच वर्षं घरात राउटर आहे हे विसरायचंय.

वायरवर_विश्वास :
९४ वाचलं आणि निम्मं कोडं सुटलं. तुमच्या राउटरची पोर्टं, म्हणजे वायर खुपसायच्या खाचा, १०० एमबीपीएसची आहेत. त्यातला वरखर्च वजा जाता हातात ९४-९५च पडतात. कनेक्शन २०० चं असो की ५०० चं, दारच तेवढं.

ते '१२००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, या दोन रेडिओ पट्ट्यांच्या वेगांची बेरीज, वर थोडी हातसफाई. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच पदरात पडत नाही. नवीन घेताना पोर्टं गिगाबिट (१००० एमबीपीएसची) आहेत का ते बघा, विशेषतः बाहेरून इंटरनेट येतं ते वॅन पोर्ट. त्याआधी केबलही तपासा. गिगाबिटला केबलच्या आतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली की पोर्ट गुपचूप १०० वर उतरतं, आणि दोष राउटरला मिळतो.

सोल्डरवाला :
थांबा हो, लगेच खरेदी कशाला? मी असली खोकी उघडून दुरुस्त करतो. 'राउटर गेला' म्हणून माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच जणांचा राउटर ठणठणीत असतो, गेलेला असतो अ‍ॅडॅप्टर. त्याच्या आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग, उष्णतेनं सुकत जातात. दुपारी एकच फोन जोडलेला असतो तोवर निभावतं. संध्याकाळी सगळे एकदम जोडले गेले की राउटर जास्त करंट ओढतो, व्होल्टेज पडतं, तो अडकतो नाहीतर स्वतःच पुन्हा सुरू होतो. त्यात तुम्ही त्याला बंद कपाटात कोंडलंय, टीव्हीच्या उबेत.

आज आठ वाजता एवढंच करा. लॅपटॉप वायरनं जोडून ठेवा आणि राउटरच्या दिव्यांकडे बघत बसा. दिवे सगळे एकदम विझून परत लागले तर अ‍ॅडॅप्टरवर संशय. दिवे लागलेले, वायरवर इंटरनेट चालू आणि फक्त वाय-फाय मेलेलं, तर हवेतली गर्दी, शेजाऱ्यांच्या वाय-फायची. वायरवरही बंद पण दिवे स्थिर, तर आधी लाइनवाल्याला फोन.

अ‍ॅडॅप्टर बदलताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची अधिक-उणे बाजू तीच. व्होल्ट चुकले तर धूर.

पाचवी_पट्टी :
आतल्या खोलीबद्दल. पट्ट्यांवर जाऊ नका. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला, एवढंच त्या सांगतात. फोनचा बारीक आवाज परत राउटरपर्यंत पोचायला हवा, त्याचं काय? राउटरला सहा अँटेना लावल्या तरी फोनात बहुतेक दोनच असतात. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं अ‍ॅप टाका. उणे ६७ च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉल निवांत होतो, उणे ८० ला नुसती ओढाताण.

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवा. आरसा, लोखंडी कपाट, माशांची टाकी मध्ये नको. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ च ठेवा, बाकीची शेजारच्या चॅनलांवर चढतात. तेवढ्यानं भागलं नाही तर दुसरं उपकरण आत लावा, पण वायरनं. बिनवायरीचे मेश संच (घरभर ठेवायची, एकमेकांशी जोडलेली दोन-तीन उपकरणं) लावून लोक खूश होतात, मात्र त्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी तिसरा पट्टा नसेल तर वेग बराच घटतो.

खरेदीत मी वाय-फाय ६ या पिढीच्या खाली जाणार नाही. वाय-फाय ५ ची सुधारणा फक्त ५ गिगाहर्ट्झवर होती, ६ ची २.४ वरही आहे. डब्ल्यूपीए३, म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत, हवी. आणि कंपनी सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं देते ते तिच्या साइटवर पाहा. दोन वर्षांत अपडेट थांबलेला राउटर चालतो, पण कडी न लावलेल्या दारासारखा.

खिडकीपाशी :
चार दिवसांनी लिहितेय. आठ वाजून दहा मिनिटांनी सगळे दिवे एकदम विझले आणि परत लागले. अ‍ॅडॅप्टर हातात धरवेना इतका तापलेला. जुन्या हार्ड डिस्कचा १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा सापडला. राउटरला १ अँपिअरच लागतो, पिनेचं चित्रही तेच. तीन संध्याकाळी एकदाही पडला नाही, कपाटाबाहेर आहे.

मग डोक्यात आलं, माळ्यावरचा पहिला राउटर काढला. 'मेलेला'. हाच अ‍ॅडॅप्टर लावला, तर तो चालू झाला! नवऱ्याला दाखवलं, तो काही बोलला नाही.

गिगाबिटचा नवा घेणारच आहे, ९४ वर समाधान नाही. पण माळ्यावरचा आतल्या खोलीत लावता येईल का?

वायरवर_विश्वास :
येईल. त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता नव्या राउटरपेक्षा वेगळा द्या, आणि केबल वॅनमध्ये नाही, लॅनच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, पोर्टात खुपसा. वेग शंभराच्या आतच राहील, कॉलला तो पुष्कळ. आधी त्याचं शेवटचं अपडेट कधीचं ते बघा.

सोल्डरवाला :
आणि त्याला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर घ्या. एकच दोघांत फिरवत बसाल.